उंची मोटार आणि सर्वसामान्य मोटार : घडणीच्या दर्जाच्या तुलनेसंबंधी काही विचार

मोटारीची 'बांधणी' किंवा 'घडण' हे शब्द इतके सर्रास वापरले जातात की, त्यांचा नेमका अर्थ काय याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. गिऱ्हाईक दरवाजा उघडून पुन्हा लावतो, त्याचा आवाज कान देऊन ऐकतो, पत्र्यावर बोटाने टिचकी मारतो, डॅशबोर्डाचे प्लास्टिक दाबून पाहतो, आणि 'बांधणी भक्कम आहे' किंवा 'नुसता डबा आहे' असा निकाल देऊन मोकळा होतो. वाहनविषयक नियतकालिकांतील परीक्षणे पुष्कळदा याच पद्धतीने, फक्त अधिक भारदस्त शब्दांत, लिहिलेली असतात. या निकालाच्या मुळाशी एक गृहीतक असते. ते असे की, किंमत जसजशी चढत जाते तसतसा घडणीचा दर्जाही चढत जातो. हे गृहीतक सर्वस्वी खोटे नाही. परंतु जेथे ते खरे आहे तेथे त्याचे कारण सामान्यतः समजले जाते त्याहून वेगळे आहे, आणि जेथे ते खोटे ठरले तेथे त्याचा भुर्दंड नावाजलेल्या कारखान्यांना सोसावा लागला आहे. औद्योगिक अर्थशास्त्राच्या किंवा उत्पादन-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे पाहावे ते या दुसऱ्या कारणासाठी.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. उंची वस्त्र, उंची अत्तर या अर्थाने 'उंची मोटार' हा शब्द येथे योजिला आहे. मर्सिडीझ-बेंझ, बीएमडब्ल्यू, ऑडी, लेक्सस ही नावे या वर्गात मोडतात. टोयोटा, होंडा, फोर्ड, फोक्सवॅगन, मारुती सुझुकी ही सर्वसामान्य वर्गातील होत. या दोहोंमधील सीमारेषा मात्र पुसट आहे, आणि ती कारखान्यापेक्षा विक्रीखात्याने आखलेली असते हे ध्यानात ठेवावे.

दर्जा या कल्पनेची फोड करण्याचे श्रेय मुख्यतः जोसेफ जुरान यांच्याकडे जाते. गुणनियंत्रणावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९५१ साली निघाला. त्यांनी केलेला भेद साधा आहे. वस्तू कोणत्या पायरीची करावयाची हे ठरविणे म्हणजे रचनेचा दर्जा. आणि जे ठरविले ते प्रत्येक नगात कितपत उतरले हा अनुरूपतेचा दर्जा. पैठणी ही रचनेच्या दृष्टीने गिरणीच्या सुती लुगड्याहून वरच्या पायरीची आहे यात वाद नाही. पण एखाद्या पैठणीच्या पदरावरील मोर वाकडा विणला गेला असेल आणि गिरणीच्या लुगड्यात शेवटच्या हातापर्यंत एकही सूत चुकलेले नसेल, तर अनुरूपतेच्या दृष्टीने ते लुगडे सरस ठरते. पैठणी घेणारी स्त्री हा भेद उत्तम जाणते. मोटार घेणारे आपण मात्र तो विसरतो, आणि मऊ कातडे व सुबक लाकूड पाहून नटबोल्टही तितक्याच काळजीने आवळले असतील असे अनुमान काढतो.

हे अनुमान किती जुने आहे आणि किती लवकर खोडले गेले याचा एक दाखला १९०८ सालचा आहे. त्यापूर्वीच्या वर्षी, म्हणजे १९०७ मध्ये, रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीने इंग्लंडातील रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० मैलांची दौड पुरी करून मोठा लौकिक मिळविला होता. कुशल फिटरने कानस घेऊन एकेक भाग दुसऱ्याशी बसवावा, न बसल्यास पुन्हा घासावा, अशा पद्धतीने त्या काळची उत्तम गाडी तयार होई. १९०८ मध्ये त्याच क्लबने एका अमेरिकन गाडीची निराळ्या तऱ्हेची परीक्षा घेतली. एक सिलिंडरच्या, त्या काळच्या मानाने बेताच्या किमतीच्या तीन कॅडिलॅक गाड्या विक्रेत्याच्या साठ्यातून निवडून ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नेण्यात आल्या. तेथे त्या पूर्णपणे सुट्या केल्या गेल्या आणि तिन्ही गाड्यांचे भाग एकत्र मिसळले गेले. त्यांतील ८९ भाग काढून घेऊन त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कोठारातील नवे भाग देण्यात आले. नंतर केवळ पाने आणि पेचकस वापरून, कानस न लावता, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि त्या ५०० मैल चालविल्या. त्या चालल्या. कॅडिलॅकला त्या वर्षाचे ड्यूअर पारितोषिक मिळाले.

या यशामागील हेन्री लेलँड हा गृहस्थ मूळचा यंत्रशाळेतील कारागीर. बंदुकांच्या कारखान्यांत आणि ब्राउन अँड शार्प या मापनयंत्रे करणाऱ्या कंपनीत त्याने उमेदवारी केली होती. बंदूक करणाऱ्यांना एकाचा घोडा दुसऱ्याच्या दस्त्यात बसला पाहिजे ही गरज लवकर कळली होती, आणि तीच शिस्त लेलँडने मोटारीला लावली. ब्रुकलँड्सच्या परीक्षेचा अर्थ कॅडिलॅक ही रोल्स-रॉइसहून चांगली गाडी होती असा नव्हे. शांतपणा, शक्ती, आरामदायकता यांपैकी कशातच ती सिल्व्हर घोस्टच्या जवळ येत नव्हती. परंतु भागांच्या अचूकपणात ती पुढे होती, आणि हा अचूकपणा किमतीच्या शिडीवरून खाली उतरलेला नव्हता. तो वेगळ्याच दिशेने आलेला होता.

हाच प्रसंग दुसऱ्या महायुद्धात अधिक गंभीर परिस्थितीत पुन्हा घडला. स्पिटफायर आणि लँकेस्टर विमानांना लागणारे रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' इंजिन रोल्स-रॉइसच्या स्वतःच्या कारखान्यांतून पुरेशा संख्येने निघणे अशक्य झाले, तेव्हा ब्रिटनमधील फोर्ड कंपनीवर मँचेस्टरनजीक नवा कारखाना काढून ते तयार करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. त्या वेळी रोल्स-रॉइसमध्ये असलेले अभियंते स्टॅन्ली हूकर यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत मोठ्या मोकळेपणाने सांगितली आहे. फोर्डच्या अभियंत्याने नकाशे पाहिले आणि यांवरून इंजिन करता येणार नाही असे सांगितले. हूकर यांची समजूत अशी झाली की, स्वस्त मोटारी करणाऱ्या कंपनीला रोल्स-रॉइसची सूक्ष्मता झेपत नसावी. अडचण अगदी उलट होती. नकाशांवर दिलेला अनुज्ञेय फरक, ज्याला वर्कशॉपात 'टॉलरन्स' म्हणतात, फोर्डला फार मोठा वाटत होता. रोल्स-रॉइसमध्ये ती तफावत फिटरचा हात भरून काढी. फोर्डच्या जुळणी-साखळीवर असा हात नव्हता, म्हणून प्रत्येक भाग आधीच अचूक असणे भाग होते. फोर्डने नकाशे अधिक काटेकोर टॉलरन्स घालून नव्याने काढून घेतले आणि पुढे ३०,००० हून अधिक मर्लिन इंजिने तयार केली.

येथे एका गैरसमजाला वाव राहू नये. हाताने बसविलेले इंजिन वाईट असते असे कोणी म्हणत नाही. त्यातील दोन भागांमधील जुळणी कदाचित यंत्राने केलेल्या जुळणीहूनही सरस असेल. परंतु ती जुळणी त्या दोन भागांपुरती असते. भाग बदलताच ती संपते आणि फिटर बदलताच तीही बदलते. एका गाडीचा उत्कृष्टपणा आणि दहा हजार गाड्यांचा एकसारखेपणा या दोन निराळ्या सिद्धी आहेत. पहिलीला हस्तकौशल्य लागते. दुसरीला मापन, शिस्त आणि रचनेतील दूरदृष्टी लागते, आणि तिचा खर्च मोठ्या संख्येवर विभागला गेल्यामुळे सर्वसामान्य गाडीलाच तो अधिक परवडतो.

नकाशाप्रमाणे काम करणे म्हणजे तरी काय, हा पुढचा प्रश्न. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फोर्डच्या अमेरिकेतील बटेव्हिया येथील कारखान्यात आणि जपानात माझ्दाच्या कारखान्यात एकाच नकाशावरून स्वयंचलित गिअरपेट्या तयार होत होत्या. दोन्ही ठिकाणचे भाग टॉलरन्सच्या मर्यादेत होते, म्हणजे कागदोपत्री दोन्ही निर्दोष होते. तरीही माझ्दाच्या गिअरपेट्या अधिक शांत चालत आणि त्यांच्या दुरुस्तीचा हमीकाळातील खर्च कमी येई. फोर्डने काही पेट्या खोलून मोजमाप घेतले तेव्हा असे आढळले की, फोर्डचे भाग टॉलरन्सच्या पट्ट्याचा बराच मोठा भाग व्यापत होते, तर माझ्दाचे भाग त्या पट्ट्याच्या सुमारे चतुर्थांशातच, मध्याभोवती, दाटलेले होते. मोजमाप करणाऱ्याला प्रथम मापनयंत्रच बिघडले असावे असे वाटले, अशी आख्यायिका आहे. गेनिची तागुची यांच्या सिद्धांताचे हे उत्तम उदाहरण होय. मर्यादेच्या आत सारे सारखेच चांगले आणि बाहेर सारे सारखेच वाईट, ही कल्पना त्यांनी नाकारली. इष्ट मापापासून भाग जितका दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात नुकसान वाढते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घडणीच्या दर्जाचे संख्याशास्त्रीय स्वरूप एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द 'विचलन' हा होय.

आता उंची गाड्यांच्या कारखान्यांकडे वळू. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय मोटार-संशोधन कार्यक्रमाचे निष्कर्ष वोमॅक, जोन्स व रूस यांनी १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यात एका जर्मन उंची मोटारीच्या कारखान्याचे वर्णन आहे. कारखान्याचे नाव त्यांनी दिलेले नाही. जुळणी-साखळीच्या शेवटी पांढरे कोट घातलेल्या तंत्रज्ञांचा मोठा ताफा प्रत्येक गाडीतील उणिवा शोधून दुरुस्त करीत होता. जुळणीस लागणाऱ्या एकूण श्रमांपैकी सुमारे एकतृतीयांश श्रम या दुरुस्तीत जात होते. तेथील लोक यालाच कारागिरी समजत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. संशोधकांचे मत मात्र कठोर होते. नुकतेच निर्माण केलेले दोष काढण्यासाठी हा कारखाना जितके श्रम खर्ची घालीत होता, तितक्यात जपानी कारखाना जवळजवळ निर्दोष गाडी पहिल्याच खेपेस तयार करीत होता. गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी जर्मन गाडी चांगली होती यात शंका नाही. पण तो चांगुलपणा घडणीतून आलेला नव्हता, डागडुजीतून आलेला होता, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत होते.

जोवर प्रतिस्पर्धी नव्हता तोवर हे चालले. टोयोटाने १९८३ मध्ये हाती घेतलेल्या योजनेतून लेक्सस एलएस ४०० ही गाडी १९८९ साली अमेरिकेत विक्रीस आली. इचिरो सुझुकी हे तिचे मुख्य अभियंते. सुरुवातीची किंमत ३५,००० डॉलर, म्हणजे तोडीच्या जर्मन गाड्यांहून पुष्कळच कमी. या गाडीत टोयोटाने रचनेची पायरी उंच केली, पण घडणीची शिस्त तीच ठेवली, जी कोरोलासारख्या सामान्य गाडीवर अनेक वर्षे घोटली गेली होती. प्रारंभीच एक कसोटीचा प्रसंग आला. डिसेंबर १९८९ मध्ये वायरिंगमधील आणि मागच्या ब्रेकदिव्यातील दोषासंबंधी मोजक्या तक्रारी येताच कंपनीने विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या परत बोलाविल्या. बहुतेक ठिकाणी गाडी मालकाच्या घरून नेऊन, दुरुस्त करून, धुऊन, पेट्रोल भरून परत पोचती केली, आणि हे काम सुमारे २० दिवसांत संपविले. म्हणजे लेक्ससची पहिली गाडी निर्दोष नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जर्मनीत याचा परिणाम उशिरा पण खोल झाला. १९९० नंतरच्या मंदीत पोर्शे ही कंपनी बुडण्याच्या बेतात आली. वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या मुशीत तयार झालेल्या जपानी सल्लागारांना पाचारण केले. त्यांच्या सांगण्यावरून वीडेकिंग यांनी सुट्या भागांच्या उंच मांडण्यांचा वरचा भाग स्वतः करवत घेऊन कापला, हा प्रसंग पुढे प्रसिद्ध झाला. मांडण्यांत साठून राहिलेला माल दोष झाकून ठेवतो, हा त्यामागचा मुद्दा होता. ज्या कारखान्याच्या कारागिरीची जगभर वाहवा होत होती त्याच्या प्रमुखाने सामान्य गाड्या करणाऱ्यांकडे शिकवणी लावावी, हे आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण आहे.

घडणीचा दर्जा डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः पत्र्यांमधील फटींत. बॉनेट आणि मडगार्ड, दरवाजा आणि खांब यांच्यामधील फट अरुंद असली की गाडी उंची वाटते. येथेही दोन गोष्टींची गल्लत होते. फट किती रुंद ठेवावयाची हा रचनेचा निर्णय असतो. ती वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे काय, आणि डाव्या बाजूस जेवढी आहे तेवढीच उजव्या बाजूस आहे काय, हा घडणीचा प्रश्न. पाच मिलिमीटरच्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज लपतो. तीन मिलिमीटरच्या फटीत तोच डोळ्यांत भरतो. म्हणून अरुंद फट पसंत करणारा रचनाकार घडणीवर मोठा भार टाकीत असतो. एक काल्पनिक हिशेब पाहा. दहा भाग एकापुढे एक जोडावयाचे आहेत आणि प्रत्येकाचे प्रमाण-विचलन ०.३ मिमी आहे. ही विचलने परस्परांपासून स्वतंत्र असतील तर एकंदर प्रमाण-विचलन ०.३ गुणिले दहाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९५ मिमी होते. याचा अर्थ हजारांतील दोनतीन गाड्या सोडल्या तर बाकीच्यांचा पसारा पावणेसहा मिलिमीटरांत मावेल. अरुंद फटीचा बेत येथेच कोलमडतो.

मोटारीच्या सांगाड्यातील हा पसारा दोन मिलिमीटरांच्या आत आणण्याचा एक संशोधन-प्रकल्प १९९२ ते १९९५ या काळात अमेरिकेत झाला. मिशिगन विद्यापीठ आणि तेथील मोटार-उद्योग यांनी तो मिळून चालविला व सरकारने त्यास साहाय्य केले. विद्यापीठातील संशोधकांनी साखळीवरच प्रत्येक सांगाड्याचे लेसर-किरणांनी मापन करून आकडेवारीवरून दोषाचे मूळ शोधण्याची रीत बसविली. त्यांना आढळले ते असे की, दोष पुष्कळदा पत्र्यात नसून जोडकामाच्या वेळी पत्रा धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये, त्याच्या झिजलेल्या खुंट्यांत आणि सैल पकडींत असतो. दहा डॉलरची खुंटी वेळेवर बदलली नाही म्हणून हजारो गाड्यांचे दरवाजे किंचित तिरपे बसावेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. महागडा पत्रा, महागडा रंग यांनी यात काही फरक पडत नाही.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असे म्हणेल की, मग उंची गाडीत जास्त दोष का असावेत? तिलाही तीच शिस्त लावता येईलच की. येते, पण तिच्यावर आणखी एक ओझे असते आणि ते गुंतागुंतीचे. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. एखाद्या घटकाने तीन वर्षे न बिघडता काम करण्याची संभाव्यता ०.९९९ आहे. असे १०० घटक असलेली गाडी तीन वर्षे निर्वेध चालण्याची संभाव्यता सुमारे ०.९० येते. घटक ३०० केले की ती ०.७४ वर उतरते. तीनशे घटकांच्या गाडीला शंभर घटकांच्या गाडीची बरोबरी करावयाची तर प्रत्येक घटकातील दोषाचे प्रमाण तीन पटींनी घटविले पाहिजे. आपोआप मिटणारे दरवाजे, मालिश करणाऱ्या बैठका, वातभरित स्प्रिंगा, मोठाले पडदे यांनी घटकांची संख्या वाढते, आणि त्यांतील पुष्कळसे घटक नवे, म्हणजे अनुभवाने न घोटलेले असतात. २००५ साली मर्सिडीझ-बेंझने विजेच्या यंत्रणेतील आणि ब्रेकच्या विद्युत्-नियंत्रणातील दोषांमुळे जगभरातून सुमारे १३ लाख गाड्या परत बोलाविल्या, त्यामागे हेच कारण होते. त्या गाड्यांचा पत्रा, कातडे, रंग यांत उणे काढण्यासारखे फारसे नव्हते.

अमेरिकेतील जे. डी. पॉवर या संस्थेच्या पाहण्या या संदर्भात नेहमी उद्धृत केल्या जातात, आणि नेहमी चुकीच्या तऱ्हेने. तिची एक पाहणी खरेदीनंतरच्या पहिल्या ९० दिवसांतील अडचणी दर १०० गाड्यांमागे मोजते. २०२२ च्या या पाहणीत उंची गाड्यांच्या अडचणींची सरासरी सर्वसामान्य गाड्यांहून अधिक होती आणि पहिला क्रमांक ब्यूइकने मिळविला होता. यावरून उंची गाड्या वाईट घडविल्या जातात असा निष्कर्ष काढणे अयोग्य होईल. कारण या पाहणीत तुटलेली वस्तू आणि वापरावयास कठीण गेलेली वस्तू या दोन्हींची नोंद 'अडचण' म्हणूनच होते. पडद्यावरील यादीत रेडिओ सापडला नाही तरी तो एक गुण वाढतो. दुसरी पाहणी तीन वर्षे जुन्या गाड्यांची असते. २०२४ च्या या पाहणीत लेक्सस पहिली आणि टोयोटा दुसरी आली. एकाच घराण्यातील उंची आणि सर्वसामान्य अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी यावीत, यावरून घडणीचा दर्जा किमतीच्या वर्गापेक्षा कारखान्याच्या पद्धतीशी अधिक बांधलेला आहे या आमच्या म्हणण्याला बळकटी येते.

आता राहिला स्पर्शाचा आणि आवाजाचा भाग. दरवाजाचा भारदस्त आवाज हा आपोआप निर्माण होत नाही. तो योजून आणलेला असतो. पत्र्याच्या आतून डांबरी थर चिकटविणे, रबराची दुहेरी झालर लावणे, कुलपाच्या धातूवर प्लास्टिकचे आवरण देणे, या उपायांनी तो साधतो. यात फसवणूक नाही, कारण त्या थरांमुळे आतील गोंगाटही खरोखरच कमी होतो. पण दरवाजाच्या बळकटीशी त्या आवाजाचा संबंध नाही. मऊ स्पर्शाचे तर कधी कधी उलटेच होते. प्लास्टिकला मखमली स्पर्श आणणारे पॉलियुरेथेनचे लेप दमट उष्ण हवेत जलविघटनाने चिकट होत जातात. काही वर्षांच्या गाडीची बटणे बोटाला चिकटू लागतात ती यामुळे, आणि मुंबई-कोकणच्या हवेत हे अधिक जाणवते. ज्याला आपण 'स्वस्त, टणक प्लास्टिक' म्हणून नाक मुरडतो ते बिचारे तसेच्या तसे असते.

भारतात बांधणीची चर्चा पत्र्याच्या जाडीवर येऊन थांबते. अपघातात गाडीचा सांगाडा किती टिकतो हे दरवाजावरील पत्र्याच्या जाडीवर अवलंबून नसून आतील खांब, उंबरठा व तुळया कोणत्या जातीच्या पोलादाच्या आहेत आणि धक्क्याची ऊर्जा कोणत्या वाटेने जिरविली आहे यांवर ते अवलंबून असते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय बाजारातील पाच गाड्यांच्या चाचण्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतल्या. त्यांत चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलोही होती. 'जर्मन बांधणी' म्हणून आपल्याकडे तिचे मोठे कौतुक होते, आणि तिचा सांगाडा चाचणीत स्थिरही राहिला. तरी एअरबॅग नसलेल्या त्या गाडीस प्रौढांच्या संरक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. तीच गाडी दोन एअरबॅग लावून परीक्षिली तेव्हा चार तारे मिळाले. उत्तम घडण आणि अपुरी रचना एकाच वस्तूत कशा नांदतात याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. त्या शून्याचा अर्थ एखाद्या कुटुंबाच्या बाबतीत काय झाला असता हे सांगण्याची गरज नाही. पुढे २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला त्याच संस्थेचे पाच तारे मिळाले. तो मान मिळविणारी ती पहिली भारतीय गाडी. ती उंची वर्गातील नव्हती.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तुलनेची सामग्री हाताशी आहे. मर्सिडीझ-बेंझची जुळणी १९९५ मध्ये पिंपरीस सुरू झाली आणि २००९ पासून ती चाकण येथे होते. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे जोडल्या जातात. या उंची गाड्या बहुतांशी परदेशांतून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून उभ्या केल्या जातात. उलट चाकण येथील फोक्सवॅगन समूहाच्या कारखान्यात सर्वसामान्य गाडीचा पत्रा दाबणे, सांगाडा जोडणे, रंगविणे ही सारी कामे एका छपराखाली होतात. 'घडण' हा शब्द काटेकोरपणे वापरावयाचा तर आपल्या भूमीवर अधिक घडते ती सर्वसामान्य गाडी.

नावाचा प्रभाव किती असतो हे वेगळे काढून पाहण्याचा योग फोक्सवॅगनच्या फेटन या गाडीने आणून दिला. २००२ ते २०१६ या काळात ती बाजारात होती आणि ड्रेस्डेन येथील काचेच्या भिंतींच्या कारखान्यात तिची जुळणी होई. तिच्या पायाभूत रचनेत बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी ही गाडी भागीदार होती. परीक्षकांनी तिच्या घडणीची स्तुती केली; पण पुढे फोक्सवॅगनचे साधे चिन्ह होते, आणि अमेरिकेतील विक्री २००६ मध्ये थांबवावी लागली. बेंटली मात्र खपत राहिली.

अशा स्थितीत शोधनिबंधासाठी तुलना कशी बांधावी? आमच्या मते दोन वर्गांच्या सरासऱ्या समोरासमोर ठेवण्यापेक्षा समान पायावर उभ्या असलेल्या जोड्या घ्याव्यात. टोयोटाची कॅमरी आणि लेक्ससची ईएस ही अशी एक जोडी होय. त्यांत रचनेमुळे पडणारा फरक आणि घडणीमुळे पडणारा फरक निरनिराळे करणे काहीसे सुकर होते. हमीच्या खर्चासाठी केलेली तरतूद कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छापलेली असते. विक्रीच्या उत्पन्नाशी तिचे प्रमाण काढावे, मात्र हमीचा काळ निरनिराळा असतो हे विसरू नये. परत बोलाविलेल्या गाड्यांची संख्या वापरताना जपून राहावे, कारण जो कारखाना तत्परतेने दोष कबूल करतो त्याचाच आकडा मोठा दिसतो. १९८९ च्या लेक्ससलाही या मोजपट्टीने वाईट ठरविता येईल. फटींचे मापन करावयाचे तर साधी फीलर-गेज पुरते, पण ते एका गाडीवर करून उपयोग नाही. एकाच नमुन्याच्या निदान वीस-पंचवीस गाड्या, शक्य तर निरनिराळ्या महिन्यांत तयार झालेल्या, घ्याव्यात आणि प्रत्येकीवर ठराविक ठिकाणी माप घ्यावे. नियतकालिकांना परीक्षणासाठी मिळणारी गाडी बहुधा कंपनीनेच तपासून धाडलेली असते, आणि ती एकच असते. एका नगावरून विचलन काढता येत नाही. १९०८ च्या परीक्षकांनी तीन गाड्या घेतल्या होत्या आणि त्या विक्रेत्याच्या साठ्यातून उचलल्या होत्या.